आगमनकाळ

निर्मळची जत्रा झाली, आणलेली सुकेळी खाऊन संपली, की आमच्याकडे नाताळचे वेध लागतात. आमच्याकडे म्हणजे वसईत. आणि वसईत म्हणजे स्टेशनच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, जिथे अजून थोड्या केळीच्या बागा आणि विहिरी शिल्लक आहेत. मी कुपारी ख्रिस्ती. 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला. मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे दोन घरांत जे नातं जुळतं, ते कोंपाद्रे. एका नात्याच्या नावावरून सगळ्या जातीचं नाव पडावं, याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे.

बाहेरच्या लोकांना नाताळ म्हणजे २५ डिसेंबर एवढंच माहीत असतं. आमचा नाताळ त्याच्या चार रविवार आधी सुरू होतो. या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस. त्या दिवशी फादर जांभळा झगा घालून वेदीवर येतात आणि चर्चमधली फुलं कमी होतात. या काळात लग्नं लावायची नाहीत असा जुना रिवाज आहे, त्यामुळे नोव्हेंबरात एकदा आणि नाताळ झाल्यावर पुन्हा, अशी लग्नांची झुंबड उडते. पौषात कार्य नको म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे लगेच समजतं, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या चार आठवड्यांत धर्मग्रामात जी कामं निघतात ती बघण्यासारखी असतात. (पॅरिशला आम्ही धर्मग्राम म्हणतो. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात 'ग्राम' आहे.) कोणी गोठ्यासाठी पेंढा शोधत फिरतं. पूर्वी पेंढा शोधावा लागत नसे, प्रत्येकाच्या मागच्या दारी उडवी असायची. आता भातशेती जवळपास संपली, तेव्हा पेंढा टेम्पोतून बाहेरून येतो. मुलं कामट्या तासून चांदण्या बांधतात. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक घरोघरी जाऊन गरीब कुटुंबांसाठी धान्य आणि चादरी गोळा करतात. एका संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतले पाच-सहा फादर एकदम येऊन पापनिवेदन ऐकतात, आणि त्यांच्यासमोरच्या रांगा बघून कळतं की आपल्या फादरांपेक्षा परक्या फादरांना पाप सांगणं लोकांना सोपं जातं! घरी आई पसरट भांड्यात नाचणी पेरते, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यात ठेवायला हिरवे कोंब तयार. घटस्थापनेला शेजारी जे करतात तेच, देव तेवढा वेगळा.

हे सगळं ठरतं ते नोव्हेंबरच्या शेवटी होणाऱ्या सभेत. गेल्या वर्षीच्या सभेत जे झालं ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गोठा झाला, चादरी झाल्या, मग गाण्यांचा विषय निघाला. नाताळगीतांचा एक कागद छापतात, तो चर्चमध्ये सगळ्यांना वाटतात. युवकांच्या गटातल्या एका मुलाने सुचवलं, "या वेळी मराठी गाणी इंग्रजी अक्षरांत छापूया का? आमच्यातल्या निम्म्यांना देवनागरी पटापट वाचता येत नाही."

सभेत एकदम कुजबूज सुरू झाली. एक म्हातारे काका म्हणाले, "मग इंग्रजीच गा ना. एवढा खटाटोप कशाला?" त्यावर दुसऱ्या कोणीतरी खरोखरच रविवारची एक मिस्सा इंग्रजीत सुरू करा असं म्हटलं, म्हणजे नव्या इमारतींत राहायला आलेल्यांचीही सोय होईल.

मी उठलो. मला इतिहासाची आवड आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मी उठलो की लोक घड्याळ बघतात. पण त्या दिवशी मी तावातावाने बोललो. म्हटलं, आपल्याला अजून लोक विचारतात, तुम्ही पोर्तुगीजांचे का? तुम्ही घरी इंग्रजी बोलता का? २०२० मध्ये उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा पाद्री कसा काय मराठीचा अध्यक्ष म्हणून केवढा विरोध झाला होता, आठवा. आणि आता आपणच आपल्या हाताने मराठी बाहेर काढणार?

टाळ्या पडल्या. मी बसणार, तेवढ्यात मागून एक मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "अंकल, तुमची मुलगी आमच्यातच गाते. ती कुठल्या कागदावरून गाते?"

मी गप्प बसलो. कारण माझी मुलगी तिच्या वहीत प्रत्येक मराठी ओळ इंग्रजी अक्षरांत उतरवून घेते, हे मला माहीत होतं. तिला इंग्रजी माध्यमात मीच घातलं आहे. तिथे मराठी आहे, पण परीक्षेपुरतं.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून पुस्तकं काढून बसलो. शरमेवर हा माझा जुना उपाय आहे.

पहिली गोष्ट जाणवली ती अशी, की आमच्या इतिहासातल्या बऱ्याच मोठ्या घटना याच दिवसांत घडल्या आहेत. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधीचा. तिथून पुढे दोनशे वर्षं वसईत पोर्तुगीज राहिले. चर्चेस झाली, गावांची नावं बदलली. आमचं रमेदी हे रेमेदियुश मातेच्या चर्चवरून, आणि मर्सेस तिथल्या मर्सेस मातेवरून. आणि 'नाताळ' हा शब्दसुद्धा त्यांचाच. पगार, चावी, बादली, घमेलं, इस्त्री हे शब्दही त्यांच्याकडूनच आले. तेव्हा पोर्तुगीजांचे फक्त आम्हीच नव्हे. पगार घेणारे सगळेच थोडेफार आहेत.

मग १७३९ चा मे महिना. चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सैन्य, सरदार, युरोपियन पाद्री निघून गेले. मागे राहिले ते आमचे पूर्वज, शेतकरी आणि बागायतदार. लहानपणी मला वाटायचं, राज्य गेलं तेव्हा आपला धर्म का गेला नाही? एक कारण असं, की शरणागतीच्या अटींतच मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू देण्याची अट होती. १७६० च्या सुमारास आंकतील-द्युपेराँ नावाचा फ्रेंच प्रवासी इकडे येऊन गेला. साष्टीत मराठ्यांच्या अमलाखाली ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे साजरे करताहेत, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे. दुसरं कारण मात्र अटींत सापडत नाही. युरोपियन पाद्री गेल्यावर देशी पाद्री थोडे आणि गावं पुष्कळ, अशा दिवसांत हे सगळं घराघरांतल्या बायकांनी धरून ठेवलं असणार. संध्याकाळी कुरसापुढे दिवा लावून माळ म्हणायला पाद्री लागत नाही. नाचणी पेरायलाही लागत नाही.

पण मला शोधायचं होतं ते भाषेचं. आणि तिथे माझीच फजिती झाली.

सभेत मी ज्या मराठी उपासनेचा एवढा अभिमान सांगितला, ती किती जुनी आहे? जेमतेम साठ वर्षांची. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून ती म्हणायचे. माझे आजोबा लहानपणी वेदीवर सेवा करायचे, त्यांना लॅटिनमधली सगळी उत्तरं तोंडपाठ होती आणि एकाचाही अर्थ माहीत नव्हता. हे बदललं ते व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेमुळे. लोकभाषेला उपासनेत जागा देणारा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर झाला. बाजूने मतं २१४७, विरोधात ४. तो दिवसही आगमनकाळातला, पहिल्या रविवारनंतरचा बुधवार.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले. ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेस भरली होती. भारतात आलेले ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटली होती. आजोबा गावातल्या लोकांबरोबर गाडीने चर्चगेटला गेले होते. एवढी गर्दी होती की पोप दिसले ते पेरूएवढे, असं ते सांगायचे. (पेरू हाही पोर्तुगीजांकडूनच आलेला, पण असो.) आणि मिस्सेचा नवा विधी अमलात येण्याची तारीख ठरली ३० नोव्हेंबर १९६९. तो होता आगमनकाळाचा पहिला रविवार.

आता माझ्या आजीची गोष्ट. मी तिला एकदा विचारलं होतं, मराठीत पहिली मिस्सा ऐकली तेव्हा कसं वाटलं? मला वाटलं, ती म्हणेल, डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, रडूच आलं, पण वाईट वाटून. लॅटिन चालू असताना ती निवांत आपली माळ ओढायची. तिकडे फादर देवाशी बोलताहेत, इकडे आपण बोलतो आहोत, असा तिचा हिशेब होता. मराठी आल्यावर फादर काय म्हणतात ते कळायला लागलं, उत्तर द्यावं लागायला लागलं, आणि माळ राहून गेली. "ते देवाचं बोलणं होतं," ती म्हणाली, "हे तर पंचायतीसारखं." आणि ती मराठी तरी तिची कुठे होती? आजी कादोडी बोलायची. पुस्तकातली मराठी तिला जवळजवळ लॅटिनइतकीच परकी. ज्या दिवशी माझ्या आजोबांच्या मते आपली भाषा चर्चमध्ये आली, त्याच दिवशी माझ्या आजीच्या मते आपली प्रार्थना बाहेर गेली. दोघं एकाच बाकावर बसत नव्हते, बायका आणि पुरुष वेगळे बसायचे तेव्हा, त्यामुळे भांडण झालं नाही.

आणि शेवटची फजिती तर फारच मोठी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिलं. मराठीचं कौतुक करणारा परदेशी म्हणून आपण सगळेच त्याचं नाव घेतो, मीही सभेत घेणार होतो, वेळ मिळाला नाही एवढंच. ते क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. कुठल्या लिपीत? रोमन! देवनागरीत ते अखंड छापून आलं ते थेट १९५६ मध्ये. म्हणजे सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ मराठीतलं हे काव्य इंग्रजी अक्षरांतच होतं, आणि तरी ते मराठीच होतं. माझ्या मुलीची वही या हिशेबाने अगदीच परंपरेबाहेरची नाही.

हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. क्रिस्तपुराण ऐकणाऱ्यांच्या घरात, बाजारात, भांडणात त्यांची स्वतःची देशी बोली होती. अक्षरं परकी होती, कान आपले होते. माझ्या मुलीच्या बाबतीत मला कानाचीच काळजी आहे. कादोडी तिला समजते, पण ती उत्तर देते इंग्रजीत. लिपी गेली तर परत आणता येते, १९५६ साली आणलीच. बोलणारा मनुष्य गेला तर काय आणणार?

दुसऱ्या सभेत मी हे सगळं सांगितलं, आजीच्या गोष्टीसकट. फादर खूप हसले. शेवटी कागद दोन्ही लिप्यांत छापायचा ठरला, डावीकडे देवनागरी, उजवीकडे रोमन. कागदाचा खर्च वाढू नये म्हणून अक्षरं बारीक केली, तेव्हा म्हाताऱ्यांना डावीकडचं दिसेना आणि मुलांना उजवीकडचं. इंग्रजी मिस्सेचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला. तो येणार आहे, आणि तेव्हा मी काय बोलेन हे मला आज सांगता येत नाही. नव्या इमारतीत राहणाऱ्या परप्रांतीय ख्रिस्ती बाईलाही नाताळची प्रार्थना कळली पाहिजे, हे तर खरंच आहे. १९६३ मध्ये २१४७ लोकांनी तेच म्हटलं होतं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात घरी कुलकुल करायला बसलो होतो. आई पीठ मळत होती, मुलगी काट्याच्या पाठीवर एकेक कुलकुल वळत होती. मध्ये तो गाण्यांचा कागद ठेवला होता. मी उजवी बाजू दुमडून आत घातली आणि म्हटलं, वाच. ती चिडली. मग एका ओळीत तीनदा अडखळत वाचत गेली. 'गव्हाणी'वर थांबली आणि विचारलं, "म्हणजे काय?"

मला पुस्तकी व्याख्या सुचत होती. पण आईने हातातलं पीठ खाली ठेवलं आणि कादोडीतच सांगायला सुरुवात केली. आमच्या मागच्या दारी गोठा होता, तिथे एक म्हैस होती, तिची गव्हाण कशी होती, आणि थंडीत आई लहानपणी त्या पेंढ्यात कशी जाऊन झोपायची. ही गोष्ट मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. तेल तापून धूर यायला लागला तरी आमच्यापैकी कोणी उठलं नाही.