बोले ठराव, चवदार तळे आणि कुलूपबंद संशोधन

सार्वजनिक पैशातून बांधलेला पाणवठा कोणाचा, हा प्रश्न आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वी विचारला आणि त्याचे उत्तर लढून मिळवले. आज तोच प्रश्न संशोधनाबद्दल विचारायला हवा. सरकारी अनुदानातून, सरकारी विद्यापीठात, जनतेच्या करातून झालेले संशोधन कोणाचे? ते वाचायला जनतेनेच पुन्हा पैसे का मोजायचे? भोर आणि वेल्हे (आता सरकारदरबारी राजगड) या तालुक्यांचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न शहरातल्या प्राध्यापकांपुरता नाही, तो आपला आहे, हे लक्षात येते.

आधी पाण्याची गोष्ट. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्यातला तर्क नीट पाहा. बोल्यांनी कोणाच्या दयेवर बोट ठेवले नाही, पैसा कोणाचा यावर ठेवले. पैसा सार्वजनिक, तर वापरही सार्वजनिक.

पण हा ठराव मुंबई इलाख्याचा होता. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड हे त्याचे तालुके. इलाख्याच्या कायदेमंडळाचा ठराव संस्थानाच्या हद्दीत लागू होत नव्हता. म्हणजे आजच्या भोर-वेल्ह्यातल्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला कागदावरचा हक्कसुद्धा आला नव्हता. भोर मुंबई प्रांतात विलीन झाले ते १९४८ साली.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड. महाड इलाख्यात होते, त्यामुळे तिथे ठराव लागू होता. १९२४ साली नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. तरी तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथले पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा कागदावरच्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली. धोरण आणि हक्क यांच्यात केवढे अंतर असते, हे महाडने आपल्याला शिकवले आहे.

विद्यापीठाचा नियम आणि बाबासाहेबांची पदवी

त्याच १९२७ सालची दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जून १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना पीएच.डी. रीतसर प्रदान केली. प्रबंध तर १९१७ सालीच मान्य झाला होता. मग दहा वर्षे का लागली? कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय पदवी मिळत नसे. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती’ हा ग्रंथ इंग्रजीत छापला आणि मग पदवीची वाट मोकळी झाली.

या नियमाला दोन बाजू आहेत. संशोधन छापून लोकांसमोर आलेच पाहिजे, कपाटात पडून राहता कामा नये, हे विद्यापीठाचे म्हणणे योग्यच होते. पण छपाईचा भार संशोधकावर टाकला, की श्रीमंताचा मुलगा लवकर डॉक्टर होतो आणि शिष्यवृत्तीवर शिकलेल्याला थांबावे लागते. ही गोष्ट आज पुन्हा घडते आहे, फक्त आकडे मोठे झाले आहेत.

विज्ञानाच्या पत्रिका आज मोठ्या प्रमाणावर मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात आहेत. संशोधक शोधनिबंध फुकट लिहितो, दुसरे संशोधक तो फुकट तपासतात आणि कंपनी तो विद्यापीठांना वर्गणी घेऊन विकते. याविरुद्ध जगभरच्या संशोधकांनी फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट जाहीरनामा काढला आणि ‘खुला प्रवेश’ हा शब्द रूढ झाला. तेव्हा कंपन्यांनी दुसरी युक्ती काढली. वाचकाकडून पैसे नकोत ना, मग लेखकाने भरावेत. ‘नेचर’ या पत्रिकेने २०२० साली खुल्या निबंधासाठी जाहीर केलेले शुल्क होते ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. फेलोशिपवर जगणाऱ्या आपल्या मुलीने हे कुठून आणायचे? दार वाचकासाठी उघडले आणि लेखकासाठी लावून घेतले, याला आम्ही खुला प्रवेश म्हणत नाही.

आपल्याकडचे ठराव

भारतात धोरणे झाली नाहीत असे नाही. २००९ च्या नियमांनी यूजीसीने प्रत्येक पीएच.डी. प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक केले. त्यातून ‘शोधगंगा’ हे भांडार वाढले आणि आज लाखो प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात. ही मोठी गोष्ट आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी धोरण जाहीर केले, की त्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे निबंध संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवावेत. विज्ञानाच्या निबंधांसाठी प्रकाशकाने मागितलेला बंदीकाळ सहा महिन्यांहून जास्त नसावा. यातला तर्क बोले ठरावाचाच आहे. पैसा सार्वजनिक, तर वाचनही सार्वजनिक.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० सरकारी संस्था. लहान गावातल्या सरकारी संस्थेतल्या विद्यार्थ्याला याने फायदा होईल, हे मान्य. पण हा प्रवेश संस्थेच्या फाटकापाशी संपतो. वेल्ह्यातली आशा सेविका, भोरचा शेतकरी, पदवी घेऊन गावी परतलेला कार्यकर्ता यांच्यासाठी तळे तितकेच लांब आहे. आणि ६,००० कोटी देऊनही ज्ञान आपले होत नाही, ते भाड्यानेच राहते.

देवराई कोणी वाचायची?

कोणी विचारील, खेड्यातल्या माणसाला शोधनिबंध हवेत कशाला? उत्तर सह्याद्रीतच आहे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातही अशा राया आहेत. झाडांची नावे, रायांचे नियम, देवाच्या गोष्टी ही माहिती गावातल्या माणसांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. या दोघांचा एक निबंध १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याचे जुने अंक ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’च्या संकेतस्थळावर कोणालाही उघडून वाचता येतात. दुसरा १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या परदेशी, वर्गणीच्या पत्रिकेत आला. लेखक तेच, विषय तोच, डोंगर तेच. एक खुला, दुसऱ्यापुढे पैसे भरण्याची खिडकी. आणि दोन्ही इंग्रजीत. फरक संशोधकांच्या हेतूत नाही, तो ज्ञान कोणाच्या ताब्यात दिले यात आहे.

भोरच्या लोकांना हा हिशोब नवा नाही. १९२८ साली भाटघरचे लॉइड धरण पूर्ण झाले. जमिनी इथल्या बुडाल्या आणि नीरेच्या कालव्यांनी ऊस फुलला तो बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. पानशेत-वरसगावची धरणे वेल्ह्यात, नळ पुण्यात. पाण्याचे जे झाले ते ज्ञानाचे होऊ द्यायचे नसेल, तर आत्ताच बोलले पाहिजे.

आमच्या मागण्या

पहिली, प्रत्येक विद्यापीठाने सार्वजनिक पैशातून झालेला प्रत्येक निबंध स्वतःच्या खुल्या भांडारात ठेवणे सक्तीचे करावे. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने २००७ पासून हे करून दाखवले. भांडारात नसलेला निबंध तिथे बढतीच्या वेळी मोजलाच जात नाही. त्यासाठी कंपनीला शुल्क द्यावे लागत नाही.

दुसरी, प्रत्येक निबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश द्यावा आणि ज्या गावात अभ्यास झाला त्या ग्रामपंचायतीला तो पाठवावा.

तिसरी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या कोणत्याही नागरिकाला या पत्रिका वाचता याव्यात.

आणि एक काम आपले. बार्टीच्या फेलोशिपवर संशोधन करणाऱ्या मित्रांनो, आपला पैसाही सार्वजनिकच आहे. आपला प्रबंध शोधगंगेवर चढला का ते पाहा, निबंधाची स्वीकृत प्रत भांडारात ठेवा, गावात जाऊन मराठीत सांगा. बाकीच्यांनी माहिती अधिकारात आपल्या विद्यापीठाला विचारावे: खुल्या प्रवेशाचे धोरण आहे का, कधी ठरले, भांडारात किती निबंध आहेत?

बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली खंडरूपाने काढली. आज ते खंड संकेतस्थळावर मोफत मिळतात, म्हणून वाडीतला मुलगाही मोबाईलवर ‘रुपयाचा प्रश्न’ उघडू शकतो. जे बाबासाहेबांच्या ग्रंथांबाबत शक्य झाले, ते बाकी ज्ञानाबाबत का होऊ नये? ठराव झालेले आहेत. आता तळ्यावर जायचे आहे.

जयभीम!