सायकल गावात रुजते कशी?

नोकरीला लागलेली तरुण मुलं हल्ली अधूनमधून विचारतात, ‘ऑफिसला सायकलने जायचं मनात आहे, पण सुरुवात कशी करू?’ सातारा, सांगली, बेळगाव अशा आटोपशीर शहरांत हा विचार सहज मनात येतो, कारण तिथं घर आणि कचेरी यांमधलं अंतर पुष्कळांच्या बाबतीत चार-पाच किलोमीटरच असतं. प्रश्न आजचा वाटतो. पण तो एकशे तीस वर्षांहून जुना आहे. त्याचं उत्तर शोधायला परदेशातही जायला नको. बेळगावातल्या दोन भावांपासून सुरुवात केली तरी पुरे.

साल १८८८. लक्ष्मणराव किर्लोस्कर अवघे एकोणीस वर्षांचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेल्या या मुलाला रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही असं आढळलं, म्हणून तो यंत्रांच्या आराखड्यांकडे वळला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला. मुंबईत सायकल नावाचं नवं यंत्र त्याच्या नजरेत भरलं. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल १८८५ मध्ये बाजारात आणली होती. बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ मध्येच. म्हणजे हवेचं चाक आणि बेळगावातलं किर्लोस्करांचं सायकलचं दुकान ही दोन्ही एकाच वर्षातली!

लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करत आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांकडे पाठवत. किंमत किती? सातशे ते हजार रुपये! त्या काळी एवढ्या पैशांत संसार उभा राहत असे. साहजिकच गिऱ्हाईक म्हणजे कोणी साहेब, कोणी सरदार, कोणी चालती वकिली असलेला गृहस्थ. पण मला या दुकानातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. रामूअण्णा सायकल विकून मोकळे होत नसत, ते ती चालवायला शिकवत. शिकवणीचे पंधरा रुपये घेत. दोन चाकांवर माणूस पडल्याशिवाय राहतो, यावरच लोकांचा विश्वास नव्हता. तेव्हा आधी विश्वास विकायचा आणि मग सायकल, हे त्या दुकानाचं वर्म होतं.

पुढे लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हाही हाच अनुभव आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. नवी वस्तू कितीही चांगली असो, ती वापरताना कोणीतरी शेजारी उभं असावं लागतं. किर्लोस्करवाडी पुढे १९१० मध्ये वसली. पण हा धडा सायकलच्या दुकानातला आहे.

हजार रुपयांची सायकल कारकुनाच्या अंगणात यायला पुढची चार-पाच दशकं लागली. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस अशा विलायती सायकली येत राहिल्या आणि हळूहळू किमती उतरल्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने निघाले. मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतची ॲटलास १९५१ मध्ये, लुधियानाची हीरो १९५६ मध्ये. या साऱ्याचं फळ ज्या गावाने भरभरून चाखलं, ते म्हणजे पुणं. ‘सायकलींचं शहर’ ही त्याची ओळख सर्वांना ठाऊक आहे. पण ती तशी का झाली, याचा विचार कमी होतो.

तेव्हाचं पुणं आजच्या मध्यम शहराएवढंच होतं. पेठा, नदी, पलीकडे डेक्कन जिमखाना आणि फर्ग्युसन कॉलेज. उत्तरेला खडकीचे कारखाने, पूर्वेला कॅम्प. चालायला लांब आणि टांग्याला महाग, असं हे अंतर. आण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून चिखल तुडवत पायी हिंगण्याच्या आश्रमात जात, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. जिथं एका थोर माणसाला एवढा निर्धार लागला, ते अंतर पुढच्या पिढीतल्या साध्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं, ते सायकलमुळे.

माझं लहानपण नारायण पेठेतलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तासावर सायकली देणारं दुकान होतं. तासाला दोन आणे. मालक वहीत नाव आणि वेळ टिपून ठेवी. अनामत वगैरे काही नाही. तो आम्हाला आमच्या वडिलांच्या नावाने ओळखायचा, तीच अनामत! मोठ्या सायकलीच्या सीटवर पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून ‘कात्री’ मारत शिकायचं. आधी एका पायडलवर उभं राहून लंगडी, मग अर्धं पायडल, मग पूर्ण. मागे कोणीतरी कॅरियर धरून धावायचं आणि आपल्या नकळत हात सोडून द्यायचं. गुडघा फुटला तर दुकानदारच आधी बघायचा. पण त्याची नजर माझ्या गुडघ्याकडे होती की त्याच्या हँडलकडे, हे मला अजून सांगता येणार नाही.

याच दुकानात पंक्चर निघे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडे आले की भोक सापडलं. ते घासून, सोल्युशन लावून, रबराचं ठिगळ बसवायचं. आम्ही पोरं ते बघत बघत शिकलो. सांगायचा मुद्दा असा, की शाळा, कर्ज, दवाखाना आणि दुरुस्ती हे सगळं त्या एका दुकानात होतं. बेळगावात रामूअण्णांनी जे पंधरा रुपयांत दिलं, ते पुण्याच्या गल्लीगल्लीत दोन आण्यांत मिळू लागलं.

नगरपालिकेनेही सायकल दखलपात्र मानली होती. सायकलवर कर होता आणि तो भरला की धातूचा बिल्ला मिळे, तो सायकलला लावावा लागे. रात्री दिवा हवा, डबलसीट चालणार नाही, असे नियम होते. पोलीस दिसला की मागचा मित्र टुणकन उडी मारून शहाण्यासारखा चालू लागे. या करावर आणि नियमांवर तेव्हा सगळे कुरकुरत. पण त्याचा एक अर्थ आज कळतो. ज्याच्यावर कर आहे, ज्याला नियम आहे, तो रस्त्याच्या हिशेबात आहे.

कामाच्या जागाही तशाच होत्या. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. सरकारी नोकरांना सायकल घेण्यासाठी आगाऊ रक्कम मिळे आणि ती पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाई. सहा-सात किलोमीटरवरची नोकरी पेठेतल्या माणसाला धरता आली, ती त्या दोन चाकांवर. सायकल नसती तर एक तर घर बदलावं लागलं असतं, नाहीतर नोकरी सोडावी लागली असती.

मुलींसाठी ही गोष्ट आणखी मोठी होती. दांडी नसलेली लेडीज सायकल, साखळीला पूर्ण झाकण, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. कारागिरांनी हे सगळं केलं तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुली निर्धास्त झाल्या. माझ्या आत्याला सोबतीला कोणी यायला नको, हे तिच्या घरी मान्य झालं ते सायकल आल्यावरच.

मग हे सगळं गेलं कुठे? गंमत अशी, की ज्या परिसराने सायकलीवर जीव लावला, तिथंच तिची जागा घेणारी वाहनंही तयार झाली. आकुर्डीला बजाजची स्कूटर, १९७२ मध्ये किनेटिकची लूना. गाव पसरलं, अंतरं वाढली, स्कूटर हप्त्यावर मिळू लागली. यात कोणाला दोष द्यावा असं काही नाही. पण सायकली कमी झाल्या तशी तासाची दुकानं गेली, बिल्ला गेला, कचेरीतले सायकलींचे स्टँड गेले. आणि आधार गेल्यावर ज्यांना सायकल चालवायची होती, त्यांनाही ती अवघड झाली.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या सायकली रस्त्यावर आल्या. दोन-तीन वर्षांत त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. मला वाटतं, त्यांच्यात कुलूप होतं, यंत्रणा होती. पण नाव ओळखणारा दुकानदार नव्हता. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली ती ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी.

पण सायकल संपली, असं म्हणणं हा आपला मध्यमवर्गीय भ्रम आहे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता, असं विचारलं होतं. शंभरांतले सुमारे तेरा जण सायकलने जात होते. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचा आकडाही जवळपास तेवढाच होता. हे गवंडी, रखवालदार, पेपर टाकणारे, कारखान्यातले हंगामी कामगार. ते आपल्याला दिसत नाहीत, म्हणून रस्त्याच्या आराखड्यातही दिसत नाहीत.

बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुला-मुलींच्या प्रमाणातली तफावत चाळीस टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. एका मुलीला नव्हे, सगळ्या वर्गाला एकदम सायकली मिळाल्या, म्हणून मुलींना घोळक्याने जाता आलं. एकट्या मुलीला जो रस्ता घाबरवतो, तो दहाजणींना वाट देतो.

म्हणून ‘सुरुवात कशी करू’ विचारणाऱ्या मुलांना मी इतिहासच सांगतो. महागड्या सायकलपासून सुरुवात करू नका. मडगार्ड, कॅरियर आणि दिवा असलेली साधी सायकल घ्या. सोमवारी एकदम निघू नका. रविवारी सकाळी एकदा रस्ता पाहून या. हमरस्त्यापेक्षा आतल्या गल्ल्यांची वाट शोधा, दोन मिनिटं जास्त लागली तरी चालेल. वाटेवरच्या पंक्चरवाल्याशी आधी ओळख करून घ्या. कचेरीत छपराखाली सायकल लावायला जागा मागा. ती मागण्यात कमीपणा नाही. शक्य असेल तर शेजारचा एखादा सोबती घ्या.

आणि सकाळी सिग्नलला उभे राहाल तेव्हा शेजारी डबा अडकवलेली, गंजक्या मडगार्डची सायकल घेऊन एखादा माणूस उभा असेल, त्याच्याकडे पाहा. तो हा रस्ता कित्येक वर्षं जातो आहे. कुठं खड्डा आहे, कुठल्या वळणावर बस अंगावर येते, हे त्याला ठाऊक असतं. तुम्ही सायकलची नवी सुरुवात करत नाही; त्याने चालू ठेवलेल्या गोष्टीत सामील होता आहात. तुमच्यासाठी उद्या जो रस्ता नीट होईल, तो त्याच्यासाठी कालच व्हायला हवा होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)