महाराष्ट्रातील अणुऊर्जेची वाटचाल : तारापूर ते जैतापूर

प्रस्तावना :
केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर केले आणि लहान अणुभट्ट्यांच्या संशोधन व विकासासाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद केली. या विस्ताराचा विचार करताना महाराष्ट्राचा पूर्वानुभव महत्त्वाचा ठरतो. इंधन कोणाच्या हाती आणि जमीन कोणाची, हे दोन प्रश्न येथे अणुभट्टीच्या तंत्राइतकेच निर्णायक ठरले आहेत.

तारापूर :
डॉ. होमी भाभा यांच्या त्रिस्तरीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर आधारलेला होता. तथापि १९६९ मध्ये तारापूर येथे सुरू झालेल्या देशातील पहिल्या दोन व्यावसायिक अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या व समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या होत्या. १९६३ च्या करारानुसार हे इंधन अमेरिका पुरविणार होती. १९७४ ची पोखरण चाचणी आणि १९७८ चा अमेरिकन अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा यांमुळे हा पुरवठा अडचणीत आला व पुढे फ्रान्सकडून इंधन घ्यावे लागले. याउलट, तेथेच २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झालेले प्रत्येकी ५४० मेगावॉटचे दोन संच देशी बनावटीचे, जड पाण्यावर आधारित होते. त्यामुळे परावलंबन कमी झाले; परंतु अक्करपट्टी व पोफरण येथील ग्रामस्थांना विस्थापित व्हावे लागले.

जैतापूर :
रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या नियोजित आहेत. डिसेंबर २०१० मध्ये अरेव्हा कंपनीशी प्राथमिक करार झाला. मार्च २०११ मधील फुकुशिमा दुर्घटनेनंतर शेतकरी व मच्छीमारांचा विरोध तीव्र झाला. एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. पुढे अरेव्हाची जागा ईडीएफने घेतली. विजेचा दर व अपघाताचे दायित्व यांवरील वाटाघाटी वर्षानुवर्षे लांबल्या.

निष्कर्ष :
लहान अणुभट्ट्यांना जागा कमी लागते व त्यांचे बरेचसे भाग कारखान्यात तयार करता येतात. तरीही त्यांपैकी अनेक प्रकारांना समृद्ध युरेनियमच लागते. म्हणजे तारापूरचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. विकासासाठी गाव सोडण्याचे दुःख वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पामुळे भंडारा जिल्ह्यालाही परिचित आहे. म्हणूनच इंधनाची शाश्वती आणि स्थानिकांची संमती या दोन बाबी प्रकल्पाच्या आराखड्यातच निश्चित होणे आवश्यक आहे. अन्यथा नवे तंत्रज्ञानही जुन्याच अडचणींत सापडेल.