मोडीतले देव

अमेरिकेत घरातले नको झालेले सामान मोटारीच्या गॅरेजसमोर मांडून विकण्याची चाल आहे. शनिवार उजाडला की रस्त्याच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याची पाटी लागते, घडीच्या टेबलांवर कपबश्या, मुलांचे बूट, मुके झालेले रेडिओ येऊन बसतात आणि शेजारीपाजारी ते चिवडू लागतात. यांत काही गिऱ्हाइके अगदी पहाटेची येतात. त्यांना बूट नको असतात, रेडिओ नको असतात. त्यांची नजर शोधत असते चिनी मातीचा एक उभट पेला. डोळे वटारलेला, दात विचकलेला. हाती येताच ते तो आधी उपडा करतात. बुडाशी जपानचा शिक्का किंवा एखाद्या जुन्या उपाहारगृहाचे नाव असले आणि कड उडालेली नसली, तर ते मुकाट्याने पैसे देऊन चालते होतात. आपण काय विकले हे विकणाऱ्याला कळू नये, यातच या छंदाची निम्मी गोडी.

पेल्यावरचा हा चेहरा टिकीचा. माओरी कथांत टिकी हा आद्य पुरुष. मार्केझास बेटांत देवांच्या व पूर्वजांच्या कोरीव मूर्तींना हेच नाव. हवाईतही अशा मूर्ती होत्या. परंतु १८१९ साली लिहोलिहो या तरुण राजाने जुने विधिनिषेध मोडले आणि देव जाळण्याची आज्ञा दिली. मिशनरी येऊन पोचले ते पुढच्या वर्षी. पुढे १८९३ त राणी लिलिउओकलानी हिची गादी गेली आणि १८९८ त अमेरिकेने बेटेच घेतली.

देव गेले, राज्य गेले, आणि मग त्यांची हौस आली! १९३३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील दारूबंदी उठली. त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या एका भटक्या गृहस्थाने हॉलिवुडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हे मद्यगृह थाटले. पलीकडे ऑकलंडमध्ये व्हिक्टर बर्जेरॉन ‘ट्रेडर व्हिक’ झाला. बांबूच्या भिंती, माशांची जाळी, मंद दिवे. पेल्यात रम असे ती वेस्ट इंडीजची, ताटात पदार्थ चिनी वळणाचे, आणि मातीचे पेले पुढे बहुधा जपानात भाजलेले. ज्या जपानशी याच महासागरात झुंजून सैनिक परतले होते, त्याच जपानातून त्यांच्या करमणुकीची दैवते गलबते भरभरून येऊ लागली. व्यापाराला स्मरणशक्ती नसते, ती अशी.

याच काळात, १९४६ साली, अणुस्फोटाच्या चाचण्यांसाठी बिकिनी बेटावरच्या १६७ माणसांना घरदार सोडावे लागले. पेल्याच्या बुडाशी ही हकीकत लिहिलेली नसते. म्हणून हा पेला पॉलिनेशियाविषयी काही सांगतो असे मला वाटत नाही. युद्धाने शिणलेला, हप्त्यावर घर घेतलेला अमेरिकन गृहस्थ शनिवारच्या रात्री कोठे पळू पाहत होता, एवढे मात्र तो अचूक सांगतो; आणि इतिहासाला तेवढेही पुष्कळ.

१९५९ त हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि लाट शिगेला पोचली. ती ओसरलीही लवकर. व्हिएतनामच्या युद्धाने पोळलेल्या मुलांना बापाचे हे नाटक हास्यास्पद वाटले. मद्यगृहे एकेक बंद पडली, पेले तळघरात गेले आणि तेथून गॅरेजसमोरच्या टेबलांवर. ओहायोतील कोलंबस येथे १९६१ त उघडलेले ‘काहिकी’ हे प्रचंड उपाहारगृह १९९७ त ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत चढले आणि २००० साली औषधांच्या दुकानासाठी पाडलेही गेले. त्याच वर्षी स्वेन कर्स्टन यांचे टिकीवरील सचित्र पुस्तक निघाले. संग्राहकांना जणू पंचांगच मिळाले; कवडीमोल पेल्यांना भाव आला.

खऱ्या मूर्तींचे काय झाले? हवाईच्या देवळांतील कू देवाच्या मोठ्या लाकडी मूर्ती आज तीनच उरल्या आहेत. एक होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये, एक मॅसॅच्युसेट्समधील सेलमला, एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. २०१० साली तिन्ही होनोलुलूत एकत्र आणल्या गेल्या. त्यांना पाहायला हवाईचे लोक आले. काही महिन्यांनी प्रदर्शन संपले. दोन मूर्ती पुन्हा खोक्यांत घातल्या गेल्या आणि आपापल्या मालकांकडे परत गेल्या.