खोट्याच्या नाना परी

इंग्रजी कोश चाळण्याचा मला जुना नाद आहे. त्यात एक गोष्ट नेहमी नजरेत भरते. खोट्या वस्तूंना नावे देण्यात या भाषेने मोठा उदारपणा दाखविला आहे! काउंटरफीट, फोर्ज्ड, शॅम, बोगस, फोनी, फेक. वरवर पाहता सगळे एकाच माळेचे मणी. पण प्रत्येकाचे कूळ निराळे, आणि पहिल्या दोघांच्या इतिहासात तर फासाचा दोर लोंबतो आहे.

'काउंटरफीट' मूळचा फ्रेंचांकडचा. एखादी वस्तू समोर ठेवून तिच्याबरहुकूम केलेली दुसरी, एवढाच त्याचा अर्थ. त्याला पापाचा वास असलाच पाहिजे असे नव्हते. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकात पोर्शियाच्या तसबिरीला तिचा प्रियकर हाच शब्द लावतो, तोही कौतुकाने. पुढे हा शब्द नाण्यांना चिकटला. नाण्यावर राजाची मुद्रा, तेव्हा खोटे नाणे पाडणे म्हणजे राजद्रोह. 1696 साली सरकारी टांकसाळीवर नेमणूक झालेल्या आयझॅक न्यूटनने (होय, तोच गुरुत्वाकर्षणवाला!) विल्यम चॅलोनर नावाच्या बिलंदराविरुद्ध चिकाटीने पुरावा गोळा केला आणि 1699 मध्ये त्याला फासावर चढविले.

'फोर्ज' म्हणजे लोहाराची भट्टी. घाव घालून घडविणे, हा त्याचा प्रामाणिक धंदा. पण याच शब्दाच्या वाट्याला खोट्या सह्या आणि खोटे दस्तऐवज आले. लंडनमध्ये डॉ. विल्यम डॉड नावाचा एक लोकप्रिय धर्मोपदेशक होता. राहणी थाटाची, डोक्यावर कर्ज. 1777 साली त्याने आपला जुना शिष्य लॉर्ड चेस्टरफील्ड याच्या नावाने 4200 पौंडांचा खोटा रोखा केला. प्रकरण फुटताच बहुतेक रक्कम परतही दिली. हजारो लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या. त्याच्यासाठी लेखणी झिजविली ती प्रत्यक्ष डॉ. सॅम्युअल जॉन्सनने, 1755 साली इंग्रजीचा विख्यात कोश प्रसिद्ध करणारा तोच हा जॉन्सन. पण शब्दांच्या या राजाचे शब्द वाया गेले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात डॉडला फाशी झाली. पेढ्या आणि रोख्यांवर जगणाऱ्या त्या शहराला माणसाच्या जिवापेक्षा सहीचा विश्वास मोलाचा वाटला, असेच म्हणावे लागते.

गंमत अशी की, आपल्या 'बनावट' शब्दाचीही हीच कथा. बनविणे यात गैर ते काय? कापडाची बनावट चांगली असते, आणि दस्तऐवज बनावट असला की तुरुंग!

बाकीचे शब्द रस्त्यावरचे. 'बोगस' अमेरिकेतला. 1827 साली ओहायो राज्यात खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला हे नाव होते. आज आपल्याकडे तो मतदारांच्या याद्यांतून सुखाने नांदतो आहे. 'फोनी' हा आयरिश भाषेतल्या अंगठीवाचक शब्दावरून आला असावा. मुलाम्याची अंगठी रस्त्यात 'सापडल्याचा' बहाणा करून ती वाटसरूच्या गळ्यात मारणारे ठक लंडनमध्ये पुष्कळ होते.

मला खरी कीव येते ती मात्र ख्रिस्तोफर पिंचबेकची. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा हा नामांकित घड्याळजी. त्याने तांबे आणि जस्त यांचा असा मिश्रधातू काढला की, पाहणाऱ्याला सोन्याचा भास व्हावा. त्याने तो सोने म्हणून कधी विकला नाही. स्वतःच्या नावाने, उजळ माथ्याने विकला. 1732 मध्ये तो वारला. मग नकलाकारांचे पेव फुटले आणि हळूहळू 'पिंचबेक' म्हणजे दिखाऊ, हलके, फसवे असा अर्थ रूढ झाला. आपल्या 'बेगडी'चा हा सख्खा भाऊ. आकाशकंदिलावर आणि मखरावर चमकणाऱ्या बेगडाने तरी कोणाला कधी फसविले आहे? तरी शिव्या त्यालाच!

1854 साली इंग्लंडात 9 कॅरटच्या सोन्याला कायद्याची मान्यता मिळाली, मुलाम्याची विद्युत-पद्धतही रुळली, आणि पिंचबेकच्या धातूचा जमाना सरला. आता जुन्या वस्तूंचे शौकीन त्याचे दागिने हौसेने जमवितात. साध्या पितळेला मुलामा देऊन ते 'अस्सल पिंचबेक' म्हणून विकणारेही, अर्थातच, निघाले आहेत.