पदवीधरांचे दुसरे मत

सुशिक्षित माणूस मतदानाला का जात नाही, या प्रश्नाची आपल्याकडे ठरलेली उत्तरे आहेत: यादीत नाव नाही, लायक उमेदवार नाही, सुट्टी जोडून आली. ही कारणे क्षणभर बाजूला ठेवून आम्हांस इतिहासात थोडे मागे जावेसे वाटते. कारण एके काळी मत हा आपलाच हक्क आहे, अशी शिक्षितवर्गाची धारणा होती.

1919 च्या सुधारणा कायद्याने मताधिकार दिला तो मालमत्ता व करभरणा यांच्या कसोट्या लावून. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांना मात्र प्रांतिक कायदेमंडळात स्वतंत्र जागा मिळाली. निरक्षराच्या हाती मत देणे धोक्याचे, हा विचार तेव्हा सर्रास मांडला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन आयोगासाठी 1929 साली लिहिलेल्या अहवालात नेमके याच गृहीतकावर बोट ठेवले. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, आणि साक्षर म्हणजे अधिक शहाणा असेही नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. मागणी होती प्रौढ मताधिकाराची.

संविधानाने ती मान्य केली. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत 17 कोटींवर मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवून त्यांचे मत घेतले गेले. मतदान झाले सुमारे 45 टक्के.

पदवीधरांचा जुना मान मात्र गेला नाही. विद्यापीठांचे स्वतंत्र मतदारसंघ ब्रिटनने 1948 च्या कायद्याने मोडीत काढले. आपल्या संविधानाच्या कलम 171 ने विधान परिषदेच्या सुमारे एक द्वादशांश जागा पदवीधरांकडे दिल्या. म्हणजे राहुरीच्या शेतमजुराला विधानसभेसाठी एक मत, तर त्याच गावच्या पदवीधराला त्याखेरीज नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात दुसरेही मत.

या दुसऱ्या मताचे काय झाले? नाशिक विभागाच्या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 1 कोटी 85 लाख. 2023 च्या निवडणुकीसाठी नावे नोंदवली सुमारे 2 लाख 62 हजार पदवीधरांनी, आणि 30 जानेवारीला त्यांतील निम्म्यांनीही मत दिले नाही. दिलेल्या मतांपैकीही हजारो मते अवैध ठरली. पहिल्या निवडणुकीतील निरक्षर मतदारांहून, सत्तर वर्षांनी, निवडक पदवीधरांची मजल फार पुढे गेलेली नाही.

दोष शिक्षणाचा म्हणावा, तर त्याच दिवशीचा दुसरा आकडा आडवा येतो. कोकण विभागाच्या शिक्षक मतदारसंघात सुमारे 91 टक्के मतदान झाले. तेही पदवीधरच. पण जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता आणि आपला प्रतिनिधी सभागृहात हवा, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक होते. उदासीनता अज्ञानातून येत नाही. गरज नसल्याच्या भावनेतून येते.

राहुरीत ही गोष्ट नीट दिसते. येथे 1968 पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, तालुक्यात मुळा धरण आहे. कालव्याच्या आवर्तनाचा विचार होतो तो लोकप्रतिनिधी असलेल्या कालवा सल्लागार समितीत. म्हणून ऊस जळू लागलेल्या शेतकऱ्याला आमदार कोण, हा प्रश्न गौण वाटत नाही. ज्याचे पाणी नळाला येते, मूल खाजगी शाळेत जाते आणि आजारपण विम्यावर निभावते, त्या पदवीधराला तो गौण वाटू शकतो. सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेची शाळा यांच्याशी त्याचा संबंध सुटला आहे. तेव्हा 'सगळे सारखेच' हे त्याचे वाक्य राजकीय निष्कर्ष म्हणून घेण्यापेक्षा त्याच्या सुस्थितीची खूण म्हणून वाचावे, असे आम्हांस वाटते.

यातूनच कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्या गरजेपुरते मत देणे हा व्यवहार झाला. त्यासाठी कोणी उपदेश करावा लागत नाही. ज्या शाळेत आपले मूल नाही आणि ज्या कालव्याखाली आपली जमीन नाही, त्यांचा विचार करून केंद्रावर जाणे, हे कर्तव्य. आपल्या पदव्यांवर समाजाचाही पैसा खर्च झाला आहे. ज्यांना मत देऊ नये असे एके काळी शिक्षितांना वाटत होते, ते आज मतदानाच्या रांगेत उभे आहेत. त्यांच्या मागे जाऊन उभे राहणे, एवढे तरी आपल्याला जमावे.