बंदरशहराचा भूतकाळ आणि अनुबोधपट : ‘आ वाल्पाराइसो’चे साधनमूल्य

डच दिग्दर्शक जोरिस इव्हेन्स (१८९८–१९८९) यांचा ‘आ वाल्पाराइसो’ हा १९६३ सालचा लघु-अनुबोधपट चिली देशातील वाल्पाराइसो या बंदरशहराचे सुमारे अर्ध्या तासात दर्शन घडवितो. चित्रीकरण १९६२ मध्ये झाले; निवेदन फ्रेंच चित्रपटकार क्रिस मार्कर यांचे आहे.

पट आरंभी कृष्णधवल आहे. पुढे एका मद्यालयातील भांडणात आरसा फुटतो, रक्त दिसते आणि पडदा एकाएकी रंगीत होऊन शहराचा हिंसक भूतकाळ साकारतो. या रूपकामागे इतिहासाचा भक्कम आधार आहे. १५७८ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने हे बंदर लुटले. ३१ मार्च १८६६ रोजी स्पॅनिश आरमाराने जवळजवळ असंरक्षित शहरावर तोफा डागल्या. १९०६ च्या भूकंपाने ते पुन्हा उद्ध्वस्त केले.

बंदराच्या ऱ्हासाचे कारण म्हणून बहुधा १९१४ साली खुल्या झालेल्या पनामा कालव्याकडे बोट दाखविले जाते. केप हॉर्नला वळसा घालणारी जहाजे कमी झाली, हे खरेच. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. उत्तरेकडील सोऱ्याच्या व्यापारावर येथील पेढ्या पोसल्या होत्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर कृत्रिम नत्रखतांमुळे तो व्यापारच खचला.

तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने पटाचे खरे मोल त्याने सांगितलेल्या भूतकाळापेक्षा त्याने टिपलेल्या वर्तमानात आहे; कारण १९६२ चे ते वर्तमानही आता इतिहासजमा झाले आहे. खाली व्यापारपेठ, वर टेकड्यांवर श्रमिकांची वस्ती. दोहोंना जोडणारे, रुळांवरून तारदोराने ओढले जाणारे ‘आसेन्सोर’ (पहिले १८८३ चे) कॅमेरा पुनःपुन्हा न्याहाळतो. एक डबा उतरतो तेव्हा दुसरा चढतो. जितके वर जावे तितके दारिद्र्य वाढते आणि पाणी दुर्मिळ होते. समुद्राकाठच्या शहरातील ही पाणीटंचाई दप्तरांत सापडेलही, पण चढणीचा दम दप्तरांत उमटत नाही.

पुढे अनेक आसेन्सोर बंद पडले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने त्यांना धोक्यातील वारशांच्या यादीत घेतले. २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत शहराचे ऐतिहासिक क्षेत्र समाविष्ट झाले, ते मुख्यतः बंदर आणि लगतच्या टेकड्यांपुरते. एप्रिल २०१४ च्या वणव्यात दोन हजारांहून अधिक घरे जळाली, ती त्या सीमेबाहेरच्या, उंचावरील गरीब वस्त्यांत.